इतिहास-भूगोलाचं एकच पुस्तक झालं तर? नाशिकच्या पालकांसाठी सोपी उकल

सीबीएसईच्या शाळांत २०२४ पासून सहावीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र मिळून एकच पुस्तक आलं. राज्य मंडळाच्या शाळांतही नवं शैक्षणिक धोरण २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झालं आहे आणि ते टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांत जाणार आहे. तेव्हापासून गंगापूर रोड असो की सिडको, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभ्या असलेल्या आईवडिलांच्या बोलण्यात हा विषय हमखास निघतो. इतिहास गेला का? भूगोलाचे मार्क कुठे धरणार? आणि नागरिकशास्त्र तसंही कोण मनावर घेतं?

यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. या तीन विषयांत मुलं नेमकं काय शिकतात हे आपणच विसरलो आहोत, म्हणून पुस्तक एक असावं की तीन यावर आपण वाद घालत बसतो. तेव्हा आधी विषय समजून घेऊ, पुस्तकांच्या संख्येकडे मागाहून येऊ.

आजवर काय होतं

राज्य मंडळात तिसरी ते पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ असायचा. सहावीपासून दोन पुस्तकं हातात यायची: ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ आणि ‘भूगोल’. सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि मराठ्यांची सत्ता, आठवीला आधुनिक भारत. नागरिकशास्त्रात सहावीला ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, सातवीला संविधान, आठवीला संसद, न्यायालयं आणि राज्यशासन. क्रम विचारपूर्वक लावलेला होता. मूल गल्लीपासून दिल्लीपर्यंत पायरी पायरीने जायचं.

नव्या पद्धतीत हे सगळं ‘सामाजिक शास्त्र’ या एका नावाखाली येतं. माणसं एकत्र कशी राहतात, कुठे राहतात आणि त्यांचा कारभार कसा चालतो याचा अभ्यास, एवढाच त्या नावाचा अर्थ. सीबीएसईच्या सहावीच्या पुस्तकात भूमी आणि लोक, भूतकाळ, सांस्कृतिक वारसा, शासन आणि लोकशाही, आर्थिक जीवन असे पाच विभाग आहेत. म्हणजे इतिहास किंवा भूगोल काढून टाकलेला नाही. भिंती काढून एकाच घरात खोल्या केल्या आहेत.

तीन विषय म्हणजे तीन प्रश्न

दिंडोरीत किंवा निफाडला ज्यांची थोडीफार जमीन आहे त्यांना हे पटकन कळेल. बांधावरून भांडण झालं की आपण काय करतो? जुने फेरफार काढतो: ही जमीन कुणाकडून कुणाकडे, कधी आणि कशी आली. मग गटाचा नकाशा बघतो, मोजणी मागवतो: बांध नेमका कुठून जातो, ओढा कुणाच्या हद्दीत. आणि शेवटी विचारतो, याचा निकाल कुणाच्या हातात? तलाठ्याच्या, तहसीलदाराच्या, की दिवाणी कोर्टाच्या? फेरफार म्हणजे इतिहास, नकाशा म्हणजे भूगोल आणि तो तिसरा प्रश्न म्हणजे नागरिकशास्त्र. यातला एक कागद कमी असला तर भांडण सुटत नाही, आणि फेरफाराचं काम नकाशा करू शकत नाही.

माझं म्हणणं सगळं याभोवतीच आहे. पुस्तक एक करा किंवा तीन ठेवा, पण ‘हे कशावरून?’, ‘हे इथेच का?’ आणि ‘हे कोण ठरवतं?’ हे तीन प्रश्न मुलांना वेगवेगळे विचारता आले पाहिजेत. प्रत्येकाचं उत्तर सिद्ध करायची रीत वेगळी आहे.

इतिहास: हे कशावरून?

आपल्याकडे इतिहास म्हणजे गोष्ट असा समज आहे. गोष्ट हवीच, तिच्याशिवाय मूल ऐकणार नाही. पण सहावीच्या मुलाने गोष्टीच्या पुढे एक पाऊल टाकायचं असतं: हे आपल्याला कसं कळलं? ज्या वस्तूंवरून कळतं त्यांना इतिहासाची साधनं म्हणतात. शिलालेख, नाणी, कागदपत्रं, इमारती, भांडी, लोकांच्या आठवणी.

नाशिकचं मूल याबाबतीत भाग्यवान आहे. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात त्रिरश्मी लेणी आहेत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राणीचा लेख आहे. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने तो कोरवला. आपल्या मुलाने क्षहरात हे शत्रूचं राजघराणं पार नामशेष केलं, असं तिने त्यात अभिमानाने लिहिलं आहे.

आता वर्गात विचारावं: आईने मुलाचं केलेलं कौतुक पुरावा म्हणून धरायचं का? मुलं हसतात आणि मग गंभीर होतात. कारण प्रश्न खरा आहे.

उत्तर त्याच जिल्ह्यात मिळतं. सिन्नर तालुक्यात, दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचं गाव आहे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक नाण्यांचा. नाणी होती क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचं चलन गोळा करायचं, त्यावर आपली मोहोर उठवायची आणि तेच बाजारात चालवायचं, हे जिंकलेला राजाच करू शकतो. आईचा लेख आणि मातीतली नाणी, दोघांची गाठ कधी पडली नाही, तरी दोघं एकच सांगतात. दोन स्वतंत्र साधनं एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा इतिहासकार ठामपणे बोलतो.

आणि गंमत अशी की हरलेल्या बाजूचं म्हणणंही त्याच डोंगरावर आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, घाट बांधले, दानं दिली. एका लेखात तर मुदतठेवीसारखा व्यवहार नोंदला आहे. भिक्षूंच्या वस्त्रांच्या आणि इतर खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि नोंदवून ठेवलं, असंही लेखात म्हटलं आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा व्यवहार. ज्या मुलाला गणितात सरळव्याज नुकतंच शिकवलंय त्याने वर्षाचं व्याज काढून बघावं: पहिल्या ठेवीचे २४०, दुसरीचे ९०. इतिहासाचा तास असा झाला तर तो कंटाळवाणा कसा होईल, हे मला तरी समजत नाही.

भूगोल: हे इथेच का?

भूगोलाबद्दल पालकांची तक्रार अशी की त्यात नद्यांची नि राजधान्यांची नावंच पाठ करायची असतात. नावं तर लागतातच. पण विषय आहे तो ठिकाण आणि कारण यांचं नातं समजण्याचा.

आपला जिल्हा त्यासाठी बघावा. पश्चिमेला घाटमाथा, इगतपुरी आणि त्र्यंबक. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला येवला, तिथे पाचशेच्या आसपास. एकच जिल्हा, एकच पावसाळा, तरी पाऊस सहापट कमी. अरबी समुद्रावरून आलेलं ढगाळ वारं सह्याद्रीला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि तिथेच पाणी टाकतं. पलीकडे उतरताना ते कोरडं होत जातं. या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

एवढं समजलं की निफाड, दिंडोरीची द्राक्षं समजतात. द्राक्षाला कोरडी हवा लागते. ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर पाऊस झाला तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाने बाग जाते, हे शेतकऱ्याच्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. पण ‘पाऊस कमी’ हीच द्राक्षाची सोय आणि ‘पाऊस कमी’ हीच त्याच शेतकऱ्याची धरणाच्या पाण्यासाठी ओढाताण, या दोन गोष्टी एकाच डोंगरामुळे आहेत, हे पुस्तकाने दाखवायचं असतं.

अक्षांश-रेखांश हा तर बहुतेकांना बोजा वाटलेला धडा. त्यासाठी घड्याळ आणि काठी पुरते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते. नाशिक ७३.८ अंशाच्या जवळपास, म्हणजे पावणेनऊ अंशांच्या आसपास पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा पस्तीसला, बाराला नाही. नाशिकचा अक्षांश साधारण २० अंश उत्तर, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. एकदा २० मेच्या आसपास आणि दुसऱ्यांदा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. जुलैमध्ये ढग काही दिसू देत नाहीत. पण मे महिन्यात सुट्टी असते आणि ऊन भरपूर असतं. गच्चीवर साडेबाराच्या सुमारास उभी काठी रोवा, सावली जवळजवळ नाहीशी होते. दिल्लीच्या मुलाला हे कधीच बघायला मिळत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

नागरिकशास्त्र: हे कोण ठरवतं?

सगळ्यात दुर्लक्षित विषय हाच. पुस्तकात शेवटी येतो, वर्षाच्या शेवटी घाईत उरकला जातो, मार्कही थोडे.

नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. २०१७ च्या निवडणुकीत १२२ नगरसेवक निवडून आले आणि मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली. पण ठरल्या वेळी निवडणूक झाली नाही. पुढे काही वर्षं कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे राहिला. त्या काळात सहावीत असलेलं मूल पुस्तकात वाचत होतं की दर पाच वर्षांनी निवडणूक होते, आणि घरी ‘आपला नगरसेवक कोण?’ विचारलं की उत्तर मिळत होतं, ‘सध्या कुणीच नाही.’ पुस्तक खोटं होतं का? नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यायचं बंधन घातलेलं आहे. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले आणि निवडणुका लांबल्या. नियम काय आहे आणि प्रत्यक्षात काय घडतं, यातलं अंतर मोजता येणं हेच नागरिकशास्त्र.

घरपट्टीचं बिल, रस्त्याचं काम, तपोवनातल्या झाडांच्या तोडीची नोटीस, यांतलं प्रत्येक काम कुणाच्या अखत्यारीत येतं हे शोधण्यात मुलाचा एक रविवार जाईल. शहरातलं झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि नागरिकाला मुदतीत हरकत नोंदवता येते. हरकत घेण्यासाठी नेता असावं लागत नाही, हे बाराव्या वर्षी कळलेलं मूल वेगळ्या आत्मविश्वासाने मोठं होतं.

हक्कांचा धडा तर नाशिककरांना पुस्तकाबाहेरच भेटतो. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी इथे तो पुढे चालवला. पाच वर्षं माणसं उभी राहिली, दगड खाल्ले, तुरुंगात गेली. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आता सातवीचं संविधान उघडा. अनुच्छेद १७: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं म्हटलं आहे. अनुच्छेद २५ हिंदूंच्या सार्वजनिक धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करणारे कायदे करायला राज्याला मुभा देतो. देशाच्या सर्वोच्च कायद्यात ‘विहीर’, ‘तलाव’ आणि ‘घाट’ इतक्या बारकाईने का लिहिले आहेत? कारण त्याच जागी माणसांना अडवलं गेलं होतं. महाडचं तळं १९२७, नाशिकचं देऊळ १९३०, आणि संविधान अंमलात आलं २६ जानेवारी १९५० ला. हा क्रम ज्याला कळला त्याला मूलभूत हक्क पाठ करावे लागत नाहीत. काळारामच्या पूर्व दरवाजाशी शाळेची सहल नेऊन हे अनुच्छेद मोठ्याने वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

एकाच पाण्यात तिन्ही विषय

पाऊस कमी झाला की दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे एक बातमी ठरलेली: नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडणार. मोर्चे निघतात, कोर्टात धाव घेतली जाते. मुलं विचारतात, आपलं पाणी त्यांना का?

आधी एक माप समजून घेऊ. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. गंगापूर धरणात साधारण साडेपाच टीएमसी वापरता येण्याजोगं पाणी मावतं. पैठणच्या जायकवाडीत ते ७६ टीएमसीच्या आसपास.

नकाशा काय सांगतो? गोदावरी ब्रह्मगिरीला उगम पावते. अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटर, पण दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं असल्याने ती उलट्या दिशेला १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत नांदूरमध्यमेश्वर, कोपरगाव आणि मग पैठण. नदीला जिल्ह्याची हद्द ठाऊक नाही. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस हाच पैठणच्या धरणाचा मुख्य आधार, कारण मराठवाड्यात तितका पाऊसच पडत नाही.

इतिहास काय सांगतो? दारणा धरण १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं, दोन्ही इंग्रजांच्या काळातली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ ला इंदिरा गांधींच्या. त्यानंतरही वरच्या भागात धरणं होत राहिली. म्हणून वरचा शेतकरी म्हणतो, आमचे कालवे तुमच्या आधीचे. खालचा म्हणतो, तुम्ही नंतर बांधत गेलात म्हणून आमचं धरण भरत नाही. दोघांकडे कागद आहेत. कोणता दावा कोणत्या धरणाला लागू होतो, हे वर्ष बघूनच कळतं.

आणि ठरवतं कोण? पाणी हा मुख्यतः राज्याचा विषय. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झालं आणि समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं, म्हणजे तुटवडा असेल तर खोऱ्यातल्या सगळ्यांनी तो वाटून घ्यायचा. या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालावर आधारित २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला साठा बघायचा आणि तो ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांनी ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे पाणी द्यायचं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे मान्य केलं. २०२३ मध्ये याच रीतीने ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला.

नाशिकच्या माणसाला यात दुःख आहे आणि ते खरं आहे. नदीच्या कोरड्या पात्रात पाणी मुरतं, वाटेत उपसलं जातं, आणि इथल्या बागांना मिळणारी कालव्याच्या पाण्याची आवर्तनं कमी होतात. पण ‘त्यांनी आमचं पाणी पळवलं’ हे वाक्य या तीनही कसोट्यांवर टिकत नाही. मूल आईबापांशी या विषयावर वाद घालू शकलं तर विषय त्याला आला, असं समजावं.

मग सनावळ्या पाठ करायच्याच नाहीत का?

थोड्या करायच्या. वर दिलेल्या धरणांच्या सालांशिवाय पाण्याचा वाद समजला असता का? १९३० आणि १९५० ची अदलाबदल झाली तर काळारामचा अर्थच बदलतो. साल लागतं ते आधी काय आणि नंतर काय हे कळण्यासाठी. प्रत्येक लढाईची तारीख मात्र डोक्यात कोंबण्यात काही हशील नाही.

एकत्र केल्यावर इतिहास पातळ नाही होणार?

ही भीती मी फेटाळत नाही. एका पुस्तकात पाच विभाग कोंबले की प्रत्येकाची पानं कमी होतात. महाराष्ट्रात तर शिवरायांचा आणि मराठ्यांचा इतिहास किती उरणार हा प्रश्न स्वाभाविक आहे. सातवीचं पूर्ण वर्ष मध्ययुगाला देण्याची जुनी पद्धत मला आजही योग्य वाटते. एकत्र पुस्तकाचा फायदा पाण्यासारख्या विषयात दिसतो, पण जोगलटेंभीच्या नाण्यांना स्वतःचा सावकाश तास लागतो. नवं पुस्तक हातात आलं की विभागांची नावं बघू नका. एखाद्या धड्यात मूळ शिलालेखाचा, पत्राचा किंवा बखरीचा उतारा दिलाय का आणि त्यावर प्रश्न विचारलेत का, ते बघा. नसेल तर इतिहास पातळ झालाय.

पुस्तकं तर सारखी बदलतात, विश्वास कशावर ठेवायचा?

२०२५ मध्ये एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, आठवीच्या नव्या पुस्तकातल्या मराठा साम्राज्याच्या नकाशावर राजस्थानातून आक्षेप आले, जैसलमेर त्यात कसं दाखवलं म्हणून. असे वाद पुढेही होतील. पुस्तक माणसंच लिहितात, त्यात निवड असते, आणि नवा पुरावा मिळाला की बदल करावाही लागतो. पण ज्या मुलाला ‘हे कशावरून?’ विचारायची सवय आहे त्याला कोणतंही पुस्तक सहज फसवू शकत नाही. तो विचारेल: चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, देणारा प्रदेश साम्राज्यात धरायचा की नाही? नकाशाच्या रंगामागे कोणता करार किंवा कोणतं पत्र आहे?

एवढ्या वादात लहान मुलांना कशाला ओढायचं?

कारण ती आधीच त्यात आहेत. आरक्षण, पाणी, जात, भाषा, सगळं मोबाईलवर येतंय आणि तेही एकाच बाजूचं. वर्गात निदान शिक्षक असतो, दुसऱ्या मताचा मित्र बाकावर शेजारी असतो. अकरा ते चौदा हे वय न्याय-अन्यायाचा प्रश्न सगळ्यात तीव्रतेने पडण्याचं. तेव्हा टाळलं तर पुढे तो प्रश्न पडायचाच थांबतो.

परीक्षेत काय येणार?

सगळं येऊन इथेच अडतं. ‘रिकाम्या जागा भरा’ हाच पेपर राहिला तर पुस्तक एक असो की तीन, मुलं पाठच करणार. स्पर्धा परीक्षांना हे विषय लागतात हे पालकांना माहीत आहेच, त्यावर वेगळं सांगत नाही. शिक्षकांना मात्र वेळ आणि मोकळीक हवी. एका तुकडीत साठ मुलं आणि डोक्यावर इतर कामांचा ढीग असेल तर लेण्यांची सहल निघणार नाही. पालक सभेत गुणांबरोबर हेही मागायला हवं.

प्रश्न असा येऊ शकतो: ‘१५ ऑक्टोबरला जायकवाडीत ५० टक्के साठा आहे. गंगापूर धरण भरलेलं आहे. तुम्ही निफाडचे द्राक्षबागायतदार आहात असं समजून एक आणि पैठणचे शेतकरी आहात असं समजून एक, अशी दोन निवेदनं लिहा. ती कोणत्या कार्यालयाला द्याल आणि सोबत कोणते पुरावे जोडाल ते सांगा.’ सातवीचं मूल हे वीस मिनिटांत लिहू शकतं. दहा गुण द्यावेत, आणि दोन्ही निवेदनं तितक्याच ताकदीने लिहिली असतील तर पैकीच्या पैकी.